गव्हर्नर जनरल, तेरा वसाहती आणि आमचा गुरुवारचा क्लास

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. विंटर संपला की मी जाड कोट धुवायला काढते. तेव्हा खिशातून चुरगळलेले टिशू, बसचं जुनं तिकीट, खोकल्याची एखादी गोळी असं काहीतरी निघतंच. कधी ठेवलं, आठवत नाही. आमच्या गुरुवारच्या क्लासच्या गोष्टी माझ्याकडे अशाच साठल्या आहेत. परवा मिसिसागात एका बारशाला कोणीतरी म्हणालं, "मीनाताई, ते निमजेकाकांचं सांगा ना!" एक सांगितली, तिच्या मागून दुसरी आली. बाळ झोपलं, उठलं, परत झोपलं, तरी माझं चालूच!

क्लास म्हणजे कॅनडाच्या सिटिझनशिपच्या परीक्षेचा. मुलांनी स्पॉन्सर करून इकडे आणलेल्या आईवडिलांनाही तेव्हा ती परीक्षा द्यावी लागायची, चौसष्ट वर्षांपर्यंत. वीस प्रश्न, पंधरा बरोबर हवेत. सरकारचं एक पुस्तक मिळतं, त्यात या देशाचा सगळा इतिहास, राणी, पार्लमेंट, प्रांत, नद्या. माझ्या शेजारच्या मुलीने विचारलं, "मावशी, आईला जरा शिकवाल का?" ती आई म्हणजे इचलकरंजीच्या कुंदाताई. पुढच्या आठवड्यात नागपूरचे निमजेकाका आले, मग पुण्याचे साठे पतिपत्नी. माझ्या डायनिंग टेबलवर पुस्तकं मावेनात, तेव्हा आम्ही लायब्ररीतली खोली घेतली. दर गुरुवारी सकाळी दहा ते बारा. दारावर लायब्रेरियन डोनाने पाटी लावली, 'मराठी सिव्हिक्स'. खोलीत खायला-प्यायला बंदी होती. आमचा चहाचा थर्मास डोनाला दोन वर्षांत कधीही दिसला नाही, आणि तिचा कप मात्र दर गुरुवारी अकराला भरलेला असायचा!

*

मी काही शिक्षिका नाही. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलं, तेवढीच माझी विद्या. पहिल्याच दिवशी निमजेकाकांनी विचारलं, "मॅडम, राग नका मानू, पण तुम्ही स्वतः पास आहात नं?"

मग मला माझी परीक्षा सांगावी लागली. मी सत्तरच्या दशकात लग्न होऊन आले. तेव्हा जजसमोर उभं राहून तोंडी उत्तरं द्यावी लागायची. मला आठवा महिना लागलेला. पाय सुजून बूट चढत नव्हते, शेवटी नवऱ्याचे बूट घालून गेले. बाहेरच्या रांगेत अर्धा तास उभी, आत गेल्यावरही उभीच. जजसाहेब म्हातारे, चांगले होते, पण बोलायचे फार. राजधानी विचारली, सांगितली. पंतप्रधान विचारले, सांगितले. मग चष्मा काढून म्हणाले, "या देशातलं कुठलं स्वातंत्र्य तुला सगळ्यात मोलाचं वाटतं?"

मी भाषण, धर्म, मतदान सगळं पाठ करून गेले होते. पण डोळ्यांसमोर फक्त कोपऱ्यातली खुर्ची दिसत होती. तोंडातून निघालं, "सर, द फ्रीडम टू सिट डाउन!"

जजसाहेब स्वतः उठले आणि ती खुर्ची उचलून माझ्यासाठी घेऊन आले. "पास," म्हणाले.

"मग तुमाले एकच उत्तर येत होतं म्हणा नं," निमजेकाका म्हणाले.

*

साठेकाकांची अडचण वेगळी होती. त्यांना फार येत होतं, पण शेजारच्या देशाचं!

इकडे ओकव्हिलला मुलीकडे येण्याआधी ते दोघं सहा वर्षं न्यू जर्सीला मुलाकडे राहिले होते. तिकडच्या नागरिकत्वाचे शंभरच्या शंभर प्रश्न साठ्यांनी तोंडपाठ केले होते. आणि ऐन वेळी ते घर सोडून इकडे आले. ती सगळी तयारी जशीच्या तशी शिल्लक. मी विचारावं, "सरकारचा प्रमुख कोण?" की हे "प्रेसिडेंट!" मी विचारावं, "पहिले पंतप्रधान?" की हे "जॉर्ज वॉशिंग्टन... नाही, थांबा." त्यांच्या बायकोला, मालतीताईंना, काही विचारलं तरी उत्तर साठेच द्यायचे, आणि तेही अमेरिकन! अमेरिका ज्यांच्यापासून सुरू झाली त्या तेरा वसाहती तर ते पाढ्यासारख्या म्हणायचे. न्यू हॅम्पशायरपासून सुरू केलं की जॉर्जियाला पोचल्याशिवाय श्वास नाही.

एका गुरुवारी लॉयलिस्ट आले. मी सांगितलं, की अमेरिकेत क्रांती झाली तेव्हा जी माणसं राजाच्या बाजूने राहिली आणि हरल्यावर घरदार सोडून वर कॅनडात आली, ते लॉयलिस्ट. इथली कितीतरी गावं त्यांनी वसवली.

साठे खुर्चीतून उठलेच. "अहो, तिकडच्या पुस्तकात हे लोक फितूर आहेत! तिकडे खलनायक, आणि इकडे पहिल्या प्रकरणात मानाने बसवलेत? एकच माणूस नदी ओलांडली की चांगला कसा होतो?"

तेवढ्यात कुंदाताईंनी वहीतून मान वर केली.

"म्हंजे घरात भांडाण झालं, सामान बांधलं, आन् एवढ्या थंडीत इकडं आली?"

"हो, साधारण तसंच."

"मग आपलीच की ओ माणसं!"

सगळे हसले. साठे मात्र न हसता खाली बसले. मालतीताईंनी हळूच त्यांच्या पुढ्यात चहाचा कप सरकवला.

*

निमजेकाका वीज मंडळातून रिटायर झालेले इंजिनियर. त्यांना कुठलीही गोष्ट तारेतून समजायची.

गव्हर्नर जनरल शिकवताना मी म्हटलं, "राणी लंडनला. तिच्या वतीने इथे सही करणारं माणूस."

"हौ, म्हणजे आमचे चीफ इंजिनियर. कामं आम्ही करून राहिलो, सही त्यांची."

मग 'रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट' आलं. मंत्र्यांनी लोकांनी निवडलेल्या सभेला जाब द्यायचा, असं मी समजावलं. काकांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्याच्या आधी इर्रिस्पॉन्सिबल होतं?"

"हो, एका अर्थी."

"मग बदललं हे लोकांले समजलं कसं?"

याचं उत्तर सरकारी पुस्तकात नाही!

पण फेडरल, प्रोव्हिन्शियल आणि म्युनिसिपल हा घोळ मात्र त्यांनीच सोडवला. उठून फळ्यापाशी गेले आणि चित्र काढलं. "हे पाहा. फेडरल म्हणजे हाय टेन्शन लाइन. पासपोर्ट, सैन्य, सगळा मोठा करंट. प्रोव्हिन्शियल म्हणजे सबस्टेशन. दवाखाना, शाळा. म्युनिसिपल म्हणजे खांबावरून घरात येणारी लाइन. कचरा, बर्फ, पाणी." कुंदाताईंनी ते चित्र वहीत उतरवून घेतलं. मीसुद्धा!

"आणि काका, घरात?" मी गमतीने विचारलं.

"घरात काय, फ्यूज! तो आमच्या सूनबाईच्या हातात. तिनं काढला की फेडरल गव्हर्नमेंट बी काही करू शकत नाही."

दारातून आवाज आला, "बाबा, फ्यूज गाडी घेऊन आला आहे. बूट घाला."

सूनबाई कधी येऊन उभी राहिली होती, कोणालाच कळलं नव्हतं. काका निमूटपणे बूट शोधायला लागले. तिने खाली वाकून त्यांच्या बुटांची नाडी बांधली, कारण काकांची पाठ धरलेली होती, आणि बांधता बांधता ती खांदे हलवून हसत होती.

*

कुंदाताईंना नकाशा येत नव्हता. इंग्रजीचा दाखला त्यांनी दीड वर्षं क्लासला जाऊन मिळवला होता, पण दहा प्रांत आणि तीन टेरिटरीज काही डोक्यात राहीनात. मॅनिटोबा आणि सास्कॅचवान तर दर आठवड्याला जागा बदलायचे.

इचलकरंजीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. तीन मुली त्यांनी त्या मशिनवर शिकवून मोठ्या केल्या. एका गुरुवारी त्या मोठी पिशवी घेऊन आल्या आणि टेबलावर कापड पसरलं. अख्खा कॅनडा! ऑन्टारियो मुलीच्या जुन्या पंजाबी ड्रेसचा, क्वेबेक निळ्या पडद्याचा, प्रेअरीचे तीन प्रांत पिवळ्या ओढणीचे, कारण तिकडे गहू. ब्रिटिश कोलंबियाला डोंगर हवेत म्हणून चुण्या घातलेल्या. "पहिल्यांदा ही चार जोडली," त्या बोट ठेवून सांगायला लागल्या, "ऑन्टारियो, क्वेबेक, नोव्हा स्कोशिया, न्यू ब्रन्सविक. त्याला म्हणायचं कॉन्फेडरेशन. बाकीची मागनं जोडली. न्यूफाउंडलंड लई उशिरा आलं, म्हणून त्याला वेगळा दोरा."

डोना हातातलं काम टाकून बघायला आली. तिने नकाशावरून हात फिरवला आणि मग वरच्या बाजूला बोट ठेवून हळूच मला विचारलं, "नुनावुत कुठे आहे?"

नुनावुत नव्हतं. कुंदाताईंनी जावयाच्या बेसमेंटमधल्या एका जुन्या ॲटलासवरून कापलं होतं. उत्तरेकडची ही टेरिटरी त्यानंतर वेगळी झाली. मी शक्य तितक्या मऊ आवाजात हे सांगितलं.

कुंदाताईंनी एकदा नकाशाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "एवढं दुहेरी टीप मारल्यावर आता उसवायला सांगताय व्हय? देश असा मधनंच उसवत असतील तर आधी सांगायचं न्हाई का ओ बाई!"

पुढच्या गुरुवारी नुनावुत आलं. पांढऱ्या शुभ्र टेरिकॉटचं. "दुकान बंद केलं तवाचा शेवटचा तुकडा हाय," त्या म्हणाल्या. "ठेवला होता कशाला तरी."

*

उन्हाळ्यात मी चौघांना माझ्या व्हॅनमधून नायगाराच्या बाजूला घेऊन गेले. धबधबा सगळ्यांनी पाहिला होता. आम्ही गेलो लॉरा सेकॉर्डचं घर बघायला. अठराशे बाराच्या लढाईत अमेरिकन सैनिक तिच्या घरात शिरले होते. त्यांचा बेत तिच्या कानावर पडला आणि ती एकटी, रानातून, चिखलातून तीस किलोमीटर चालत ब्रिटिशांना सावध करायला गेली. तिच्या नावाची चॉकलेटं मॉलमध्ये मिळतात, त्यामुळे कुंदाताईंची इतके दिवस समजूत होती, की बाईंचा चॉकलेटचा धंदा होता!

गाइड मुलगी फार मन लावून सांगत होती. साठेकाका मधेमधे अमेरिकेची बाजू मांडत होते. मालतीताई नेहमीप्रमाणे त्यांच्या मागे, हातात दोघांची जॅकेट्स.

"ती एकटीच का गेली?" कुंदाताईंनी विचारलं. "नवरा कुठं होता?"

गाइड म्हणाली, की नवरा लढाईत जखमी झाला होता. बरेच महिने घरीच पडून होता.

मालतीताई माझ्या कानाशी आल्या. "तरीच म्हटलं," त्या कुजबुजल्या. "बरेच महिने नवरा घरात. मग तीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही!"

मला हसू आवरेना. साठे वळून म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही," मालतीताई म्हणाल्या. "जॅकेट घाला, वारं आहे."

त्यानंतर आम्ही नदीकाठी बसून पोळीभाजी खाल्ली. पाणी खाली खोल, हिरवं, आणि पलीकडचा काठ इतका जवळ, की झाडं मोजता यावीत. पलीकडे अमेरिका. साठे खाता खाता थांबले. "गाडीने आठ तास," ते म्हणाले. "निखिलचं घर इथून गाडीने आठ तास." आणि मग त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, न्यू जर्सीचं मुलाचं घर का सुटलं ते.

*

भांडण मोठं नव्हतं. फ्रिजमध्ये काय कुठे ठेवायचं यावरून सुरू झालं आणि "हे माझं घर आहे" इथे येऊन थांबलं. सुनेच्या, अनघाच्या तोंडून वाक्य निघून गेलं, आणि यांच्या हातून बॅग भरली गेली. मुलगा दर रविवारी फोन करायचा. सून मागून "हाय आई" म्हणायची. साठ्यांशी दोन वर्षं एक शब्द नाही.

त्या ट्रिपनंतर दीडेक महिन्याने साठे क्लासला उशिरा आले. चेहरा काहीतरी वेगळाच.

"अनघाचा फोन आला होता," ते म्हणाले. "मला. माझ्या फोनवर."

तिला अमेरिकन नागरिकत्वाच्या इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं होतं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे ती शंभर प्रश्नांची वही आहे का अजून?" यांनी विचारलं, "का?" ती म्हणाली, "मला काहीच पाठ होत नाही. तुम्ही घ्याल का माझं?"

मग काय! रोज संध्याकाळी सातला फोन. डिक्लरेशन ऑफ इंडिपेंडन्स कोणी लिहिलं, घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत काय आहे, सिनेटर किती, बेंजामिन फ्रँकलिन कशासाठी प्रसिद्ध. मालतीताई सांगायच्या, "सहा वर्षं एका घरात राहून जेवढं बोलले नसतील, तेवढं दोन महिन्यांत बोलले." आधी प्रश्न, मग प्रश्नांच्या मधे "जेवलीस का?", मग "तुझा तो खांदा कसा आहे?" असं वाढत गेलं.

इंटरव्ह्यूच्या दिवशी गुरुवार होता. साठ्यांनी फोन टेबलावर ठेवला होता आणि आमचा क्लास त्या फोनकडे बघत बसला होता. साडेअकराला वाजला. साठ्यांनी स्पीकरवर टाकला.

"बाबा, पास!"

"किती विचारले?"

"दहा."

"खोटं! सहा बरोबर आले की थांबतात ते. तुझे चुकले किती?"

"एकही नाही, बाबा. सहा झाल्यावर ऑफिसर थांबला. मी म्हटलं, प्लीज, उरलेले चारही विचारा. माझे सासरे वाट बघत असतील, त्यांना दहा सांगायचे आहेत!"

निमजेकाकांनी फोन पुढे ओढला आणि ओरडले, "पोरी, अभिनंदन! तुझे सासरे इथं रडून राहिले!"

"मी रडत नाहीये," साठे म्हणाले. "तेरा वसाहती विचारल्या का ते विचारा तिला."

*

आणि मग शरद ऋतूत नियमच बदलला. पंचावन्नच्या पुढच्यांना परीक्षा माफ!

मी बातमी घेऊन गेले. मला वाटलं, सगळे नाचतील. निमजेकाकांनी टाळी वाजवली, पण एकच. साठे म्हणाले, "म्हणजे हेही पाठ केलेलं शिल्लक राहणार?" कुंदाताईंनी वही मिटली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून बसल्या.

"मी सातवीत शाळा सोडली," त्या म्हणाल्या. "त्यानंतर कुठल्याच परीक्षेला बसले न्हाई. ही पहिली येणार होती."

मग मालतीताई म्हणाल्या, "मीनाताई, तुम्हीच घ्या की."

मी घेतली. वीस प्रश्न, अर्धा तास. शेवटचा प्रश्न मी लिहून उत्तर द्यायचा ठेवला, 'नागरिकाच्या दोन जबाबदाऱ्या लिहा.' डोना सुपरवायझर झाली. तिने चौघांना चार कोपऱ्यांत बसवलं, फोन काढून घेतले, आणि त्या दिवशी थर्माससुद्धा जप्त केला! कुंदाताई इरकल नेसून आल्या होत्या.

निमजेकाकांना सोळा. साठ्यांना सतरा. कॅनडाच्या सिनेटमध्ये अमेरिकेसारखे शंभर सभासद लिहिले होते त्यांनी! मालतीताईंना अठरा. साठ्यांनी त्यांचा पेपर मागून घेऊन दोनदा तपासला, आणि मग म्हणाले, "बरोबर आहे." कुंदाताईंचे एकोणीस बरोबर होते. विसाव्याला मी अडले. पहिली जबाबदारी इंग्रजीत लिहिली होती, 'व्होट'. दुसरीला शब्द सापडले नसावेत, ती मराठीत होती.

डोनाने विचारलं, "काय लिहिलंय?"

मी भाषांतर करून सांगितलं, "नवीन आलेल्या बाईला बस कुठली ते सांगणे."

डोनाने माझ्या हातातून लाल पेन घेतलं आणि स्वतः बरोबरची खूण केली. एक नाही, दोन!

*

निमजेकाकांचा शपथविधी छान झाला. फ्रेंच शपथ त्यांनी नागपुरी फ्रेंचमध्ये घेतली, हातात छोटा झेंडा धरून फोटो काढला. पण त्यानंतर कॉन्सुलेटमध्ये भारतीय पासपोर्ट रद्द करून घ्यायला जायचं होतं. मुलगा कामावर, सूनबाईला सुट्टी नाही, म्हणून मी घेऊन गेले.

काउंटरवर तरुण मुलगी होती, केरळची असावी. तिने पासपोर्ट उघडला, पानं चाळली आणि शिक्का उचलला. काकांनी काउंटरवर हात ठेवला.

"मॅडम, आखरी पन्ने पे मत मारना."

"क्यों अंकल?"

"वहाँ हमारी मिसेस का नाम है."

तिने शेवटचं पान उघडलं. पत्नीचं नाव, छापील अक्षरांत. "शैलजा," तिने वाचलं. "आंटी साथ में नहीं आईं?"

"नहीं. उसका भी फॉर्म भरना था. उसके पहले ही चली गई."

मागे रांग होती. तरी त्या मुलीने सावकाश पहिल्या पानावर, अगदी कडेला, दाबून न मारता नुसता टेकवावा तसा शिक्का टेकवला. शाई ओली होती, तर फुंकर घातली. पासपोर्ट दोन्ही हातांनी परत दिला.

गाडीत काकांनी तो उघडला. मला वाटलं, पहिलं पान बघतील. त्यांनी शेवटचं उघडलं.

"पाहा नं मॅडम," ते म्हणाले. "पुढून कॅन्सल आहे. पण शैलू अजून व्हॅलिड आहे!"

मी गाडी सुरू केली. वायपर लावले. पाऊस नव्हता.

*

आता शेवटचा सांगते आणि थांबते.

दोन हजार एकोणीसच्या ऑक्टोबरात निवडणूक होती. साठे पतिपत्नींचं इथलं पहिलं मतदान. त्यांची मुलगी कामासाठी बाहेरगावी होती, म्हणून मीच त्यांना घेऊन गेले. साठ्यांनी आठवडाभर अभ्यास केलेला. कुठल्या पक्षाचं काय म्हणणं आहे याचा तक्ता बनवला होता, चार रंगांत. गाडीत त्यांनी मालतीताईंना उमेदवाराचं नाव दोनदा सांगितलं. "स्पेलिंग बघून घे. वरून दुसरं असेल." पुण्यातही असंच चालायचं म्हणे. घरातून निघताना ते चिन्ह सांगायचे, आणि त्या रिक्षात बसून मान हलवायच्या. चाळीस वर्षं.

मतदान एका शाळेच्या जिममध्ये होतं. साठे मत द्यायला गेले आणि मिनिटभरात परत आले. मग मालतीताई गेल्या. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा, आत कागदावर खूण करायला एक पेन्सिल. त्याच्यामागे त्यांची फक्त पाठ आणि स्वेटर दिसत होता.

एक मिनिट गेलं. दोन. चार. मागे दोघंजण थांबलेले.

साठे खुर्चीवरून अर्धवट उठले. "मालू, जमत नाहीये का? येऊ का मी?"

टेबलावरची मुलगी, पगडी बांधलेली, विशीतली, नम्रपणे म्हणाली, "सर, प्लीज सिट डाउन. शी कॅन टेक हर टाइम."

साठे बसले. मालतीताईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. आणखी दोनेक मिनिटांनी त्या बाहेर आल्या, घडी केलेला कागद स्वतःच्या हाताने पेटीत टाकला, त्या मुलीला "थँक यू, बेटा" म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

गाडीचं दार बंद होताच साठ्यांनी विचारलं, "कोणाला दिलंस?"

"ते सांगायचं नसतं."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"नवऱ्यालाही नाही. पुस्तकात आहे. कोणालाही विचारायचा हक्क नाही, घरच्यांनासुद्धा नाही. मीनाताई, आहे ना?"

"आहे," मी म्हटलं, आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

दोन सिग्नल गेले. साठ्यांनी तक्त्याची घडी घातली, परत उघडली, परत घातली. तिसऱ्या सिग्नलला ते अगदी वेगळ्या, हळू आवाजात म्हणाले, "बरं, नको सांगूस. पण एवढा वेळ आत काय करत होतीस, ते तरी सांग. मला काळजी वाटली."

मालतीताई खिडकीबाहेर बघत होत्या. मेपलची पानं लाल झाली होती.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीकडे बघत होते."

"पेन्सिलीकडे?"

"हो. माझ्या हातात होती ना, ती."